मानेच्या इजेत अचानक डोकं ठणकतं, घाम सुटतो: दवाखाना कधी गाठायचा?

कृष्णाकाठ (प्रश्न)
भावाच्या मज्जारज्जूला सी-६ पातळीला (मानेत) इजा आहे, सात महिने झाले. लघवीसाठी कायमचं कॅथेटर (नळी). दोनदा अचानक डोकं ठणकलं, तोंड लालबुंद, कपाळावरून घामाच्या धारा. पाय मात्र गार. बीपी १४२/८८. "एवढा चालतो" असं सांगून पॅरासिटामॉल दिली गेली. खरंच चालतो का? घरी काय तपासायचं आणि कधी निघायचं?

पुनर्वसन_नर्स
नाही चालत, ताई. मानेच्या इजेत वरचा बीपी एरवी ९० ते ११० असतो. त्याच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा २० ते ४० ने चढला तरी धोका धरायचा. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. टी-६ (छातीच्या मणक्यांतली सहावी पातळी) किंवा त्याच्या वरच्या इजेत होतो. खाली काहीतरी खुपत असतं, त्याने रक्तवाहिन्या आवळतात आणि त्या सैल करायचा मेंदूचा निरोप इजेच्या खाली उतरत नाही. डोकेदुखीची गोळी देऊन कारण तसंच राहतं.

आधी त्याला ताठ बसवा, पाय खाली सोडा. घाबरून लोक आडवं करतात, त्याने बीपी आणखी चढतो. पोटाचा पट्टा, मोजे, लेग बॅगचे (पायाला बांधलेल्या लघवीच्या पिशवीचे) पट्टे सैल करा. मग नळी बघा: पीळ पडलाय का, मांडीखाली दबलीय का, पिशवी भरलीय का. बहुतेक वेळा खोट इथेच सापडते. नळी सरळ असून थेंबही येत नसेल तर ती आतून गाळाने तुंबली आहे. तुम्हाला शिकवलं असेल तरच अंगाइतकं कोमट १०-१५ मिली सलाईन हळूच सोडा. ते परत आलं नाही तर पुन्हा सोडू नका, कॅथेटर बदलावं लागेल. ओटीपोट दाबू किंवा थोपटू नका. दर २ ते ५ मिनिटांनी बीपी घ्या.

वरचा आकडा १५० च्या पुढे राहिला, कारण सापडलं नाही किंवा कारण दूर करूनही उतरला नाही, तर १०८. बोलणं अडखळलं, नजर धूसर झाली, फिट आली तर शोधाशोध न करता लगेच १०८. स्ट्रेचरवर आडवं करायला लागले तर बसवूनच न्यायला सांगा. घरीच शांत झालं तरी पुढचे २ तास बीपी बघत राहा, आणि दोनदा झालंय हे त्याच्या डॉक्टरांना याच आठवड्यात सांगा.

मणका_मित्र
लघवी मोकळी आहे तरी उतरत नाही? मग शौच अडकलेलं असू शकतं. ते काढायला गुदद्वारात बोट घालण्याआधी लिग्नोकेन (बधिर करणारी) जेली लावून काही मिनिटं थांबा. घाई केली तर बीपी उसळतो. नखुरडं, बेडसोर, बुटातला खडासुद्धा पुरतो.

खिशात एक चिठ्ठी ठेवा: इजेची पातळी, नेहमीचा बीपी, आजाराचं नाव. सिल्डेनाफिलसारखी (लिंगाच्या ताठरतेसाठीची) गोळी घेतली असेल तर डॉक्टरांना सांगायला लाजू नका. बीपी उतरवायला नायट्रेट दिलं तर दोन्ही मिळून बीपी धोकादायक खाली जातो.

फिजिओ_सातारा
यात डोकं दुखत नाही म्हणून दुर्लक्ष होतं ते सांगतो. एकच पोटरी सुजली, टेपने मोजून दुसरीपेक्षा ३ सेंमी जास्त भरली, तर रक्ताच्या गुठळीची शंका: त्याच दिवशी दाखवा. सुजलेल्या पायाला तेल लावून चोळू नका, गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अचानक धाप लागली तर १०८. नुसती गढूळ लघवी म्हणजे लगेच अँटिबायोटिक नव्हे. थंडी-ताप किंवा हातापायांचे अचानक वाढलेले झटके (स्नायू आखडणं) असतील तर मात्र त्याच दिवशी. आणि बधिरपणा वर सरकला, हाताची पकड कमी झाली तर एमआरआय लागतो. वर्षांनंतरही असं होतं.

कृष्णाकाठ
दोन्ही वेळा तो कमोडच्या खुर्चीवर होता. आत्ता बसवून बघितलं: नळी मांडी आणि कडेच्या मधे चेपते.

पुनर्वसन_नर्स
मग नळी मांडीवरून घ्या, थोडी ढील ठेवून चिकटपट्टीने मांडीला लावा. बसवल्यावर पाच मिनिटांनी पिशवीत थेंब पडतोय का, ते रोज बघा.