क्लोनिंगचं सॉफ्टवेअर 'स्कॅन केलंय, क्लीन आहे' म्हणजे सेफ असतं का? मला नाही पटत

लेथवाला_उद्यमनगर
विषय असा आहे की आमच्या वर्कशॉपच्या ऑफिसातल्या पीसीला १ टीबीची जुनी हार्ड डिस्क आहे, बटण दाबल्यापासून विंडोज दिसेपर्यंत चहा पिऊन कप धुवून होतो. म्हणून ५०० जीबीची एसएसडी (फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क) आणली आणि टॅली, जीएसटीच्या फायली, प्रिंटरच्या सेटिंगसकट सगळं उचलून तिकडं न्यायचं ठरवलं, म्हणजे क्लोन. ओळखीच्या एकानं पेन ड्राइव्हवर प्रोग्राम दिला, म्हणाला फुल व्हर्जन आहे बिनधास्त टाक, फक्त टाकताना अँटिव्हायरस बंद कर. का बंद करायचा विचारलं तर म्हणे उगाच पकडतंय, मी व्हायरसटोटलवर (फाईल एकदम बऱ्याच स्कॅनरनी तपासणारी साईट) बघितलंय, सत्तरेक स्कॅनरपैकी तीनच लाल दाखवतात, बाकी क्लीन.

आता माझं मत. क्लोनिंगचा प्रोग्राम म्हणजे कॅल्क्युलेटर नव्हे. तो अ‍ॅडमिनचे हक्क मागतो, बरेचदा स्वतःचा ड्रायव्हर बसवतो, डिस्क पहिल्या सेक्टरपासून वाचतो आणि कुठंही लिहू शकतो. आपण जॉबवर्कला माल देतो तेव्हा फक्त माल देतो, इथं अख्ख्या शॉपची किल्ली द्यायची आहे. आणि स्कॅनर सांगतो काय तर ह्याच्यासारखा चोर आमच्या वहीत आहे का नाही. नवीन चोर वहीत नसणारच की. उलट तीन लाल म्हणजे चोरच असंही नाही, डिस्कवर थेट लिहिणाऱ्या चांगल्या प्रोग्रामलाही एखादा स्कॅनर संशयित ठरवतो. म्हणजे तीन लालही काही सांगत नाहीत आणि बाकीचे हिरवेही नाहीत. माझ्या मते फाईल कुठनं आली आणि वाटेत तिला कुणी हात लावला का, एवढंच बघायचं. तुमचं काय मत?

रिपेरवाला_राजारामपुरी
भावा लई खोलात शिरलास. रोज दोन-तीन मशीन क्लोन करतूय, वर्षं झाली, तसलंच पेन ड्राइव्हवालं वापरतूय, एकाबी गिऱ्हाइकाचा फोन आला न्हाई की माझा डेटा चोरला म्हणून. आणि 'कंपनीच्या साईटवरनं घेतलं म्हणजे सेफ' म्हणणारांनी सीक्लीनरचं (पीसी साफ करायचा प्रोग्राम) काय झालतं ते आठवावं. २०१७ ला ५.३३ व्हर्जन, कंपनीच्याच साईटवरनं, कंपनीचीच डिजिटल सही (फाईल त्यांचीच हाय ह्याचा शिक्का), आणि आत मालवेअर. वीस लाखांवर मशीनवर गेलं, महिनाभर कुणाला पत्ता न्हाई. सांग आता, कुठनं आली ते बघून काय उपेग झाला?

लेथवाला_उद्यमनगर
दादा हा मुद्दा जबरी आहे, मान्य. पण गणित बघा की. कंपनीच्या साईटवरची फाईल बिघडवायला चोराला कंपनीत घुसायला लागतं, आणि उघड झालं की जगभर बोंब होते, नवीन व्हर्जन येतं. तुमच्या पेन ड्राइव्हवरची फाईल मुळात कुणीतरी फोडूनच फुल व्हर्जन केलेली आहे, तिथं घुसायची गरजच नाही, फोडणारा आत बसूनच आहे. आणि फोन आला नाही म्हणता, पण पासवर्ड चोरणारं काही असेल तर गिऱ्हाईक तुम्हाला का फोन करेल? तो बँकेला करेल.

मास्तरीणबाई
मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, लॅबच्या पीसींसाठी हेच करावं लागलं होतं. मी काय केलं ते सांगते. कंपनीच्या साईटवरून फाईल उतरवली, राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' टॅब बघितला, नाव कंपनीचंच आहे का आणि डिटेल्समध्ये सही व्हॅलिड दाखवते का ते पाहिलं. मग विंडोजच्या पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश ही कमांड देऊन शा-२५६ आकडा (फाईलचा अंगठ्याचा ठसाच म्हणा) काढला आणि साईटवर दिलेल्याशी जुळवला. दोन्ही मिळून पाच मिनिटं. व्हायरसटोटलवरसुद्धा फाईल चढवायची गरज नसते, तो आकडा टाकून शोधता येतं, आणि तिथं चढवलेली फाईल इतरांनाही मिळू शकते त्यामुळे स्वतःच्या कागदपत्रांच्या फायली तर चुकूनही टाकू नका. एक राहिलं, मॅक्रियम रिफ्लेक्ट ह्या क्लोनिंगच्या प्रोग्रामच्या फ्री आवृत्तीचा सपोर्ट १ जानेवारी २०२४ पासून बंद आहे, तरी कुठल्याकुठल्या डाउनलोड साईटवर तिचे जुने सेटअप फिरतायत, ते घेऊ नये असं माझं मत.

टक्सभाऊ
एवढा काथ्याकूट कशासाठी, क्लोनझिला वापरा की. फुकट, सोर्स उघडा म्हणजे कोड कुणालाही वाचता येतो, तैवानच्या एनसीएचसी ह्या सरकारी कॉम्प्युटिंग सेंटरमधली माणसं बनवतात. पेन ड्राइव्हवरनं बूट करायचं, विंडोजवर काहीच इन्स्टॉल होत नाही, ड्रायव्हर मागं राहायचा प्रश्न नाही. नेटची केबल काढून ठेवा, मग करायचं असलं तरी ते कुणाशी बोलणार?

रिपेरवाला_राजारामपुरी
हां, आले ओपन सोर्सवाले. त्याचं काम १ टीबीवरनं ५०० जीबीवर न्यायचं हाय, आणि क्लोनझिलाला समोरची डिस्क तेवढीच न्हाईतर मोठी लागती. आता त्याला आधी पार्टिशन आकसायला लाव, मग एक्स्पर्ट मोडात जाऊन साईज तपासणी वगळायला लाव, काळ्या निळ्या स्क्रीनवर एसडीए एसडीबी असली डिस्कांची नावं वाचत बसू दे. उलटं निवडलं की कोरी एसएसडी जुन्या डिस्कवर, झाला इषय. व्हायरसनं न्हाई जाणार त्याचा डेटा, तुझ्या सल्ल्यानं जाईल. आणि उघड्या सोर्सचं म्हणशील तर २०२४ ला एक्सझेडमधी (लिनक्सातलं फायली दाबून लहान करायचं सॉफ्टवेअर) मागचं दार घातलंच हुतं की न्हाई?

टक्सभाऊ
घातलं होतं, आणि एका इंजिनिअरला लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय असं दिसलं म्हणून त्यानं उकरून काढलं. सोर्स उघडा होता म्हणूनच ना? तुमच्या क्रॅकमध्ये कोण उकरणार. बाकी साईजचं बरोबर आहे तुमचं, ते अवघड जातं नवख्याला.

कुंभारगल्ली
मी कोल्हापूरच्या शाहूपुरीतला, २०१९ ला पंचगंगेचं पाणी घरात आलं तेव्हा आधी आजीला बाहेर काढलं, मग गॅस, मग दूध, आणि सीपीयू टेबलाखाली तसाच राहिला. पाणी उतरल्यावर डिस्क उघडून दाखवली तर आत गाळ. लग्नाचे फोटो गेले, दुकानाच्या तीन वर्षांच्या उधाऱ्या गेल्या (काहीजणांना आनंदच झाला असेल). तेव्हापासून एकच सांगतो, प्रोग्राम कुठला घ्यायचा त्याचं भांडण नंतर करा, आधी टॅलीचं फोल्डर आणि फोटो साध्या कॉपी-पेस्टनं वेगळ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. मग प्रोग्राम चांगला निघो नाहीतर भिकार, उलटी क्लोन झाली तरी रडायची वेळ येत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की पण कागदावर लिहून घ्या, ती नसली तर स्वतःचीच डिस्क परकी होते.

मास्तरीणबाई
हे शंभर टक्के. आणि एक उलटी बाजू कुणी बोललं नाही अजून, क्लोन म्हणजे जसंच्या तसं. जुन्या डिस्कवर आधीच काही घुसलेलं असेल तर तेही एसएसडीवर जाणार, फक्त आता वेगानं चालणार. त्यामुळे प्रोग्राम तपासताना जुन्या विंडोजचाही एक फुल स्कॅन करा.

नव्यानं_टाका
म्हणून तर मी म्हणतो क्लोन नकोच. एसएसडीवर कोरी विंडोज टाका, टॅली टाका, डेटा आणा, अर्धा दिवस जातो पण घाण तिकडंच राहते.

लेथवाला_उद्यमनगर
अर्धा दिवस तुमचा जातो हो. आमचा प्रिंटर आणि लेबल मशीन परत चालू करायला मागच्या वेळी चार दिवस गेलते, डिस्पॅच अडकून पडलं होतं. ते नको. एसएसडीच्या कंपनीचंच टूल घ्यायचा विचार करतोय, पण ते दुसऱ्या कंपनीच्या डिस्कवर चालत नाही म्हणतात.

टक्सभाऊ
टूलवर अवलंबून आहे. सॅमसंगचं टूल सॅमसंगच्याच एसएसडीवर क्लोन करतं. क्रुशियलच्या एसएसडीवाल्यांना अ‍ॅक्रॉनिस ह्या क्लोनिंगच्या प्रोग्रामची आवृत्ती फुकट मिळते. खोक्यावरचं नाव बघा आणि त्याच कंपनीच्या साईटवर स्वतः पत्ता टाईप करून जा, सर्चमध्ये वर जाहिरात येते तिच्यावर टिचकी मारू नका, तिथंच लोक फसतात.

रिपेरवाला_राजारामपुरी
बरं ऐका. एवढं बोलताय म्हणून आत्ता दुकानात बसून मॅडमनी सांगिटल्यागत बघितलं. सेटअपवर सही हाय, कंपनीचं नाव बी हाय. पण इन्स्टॉल झाल्यावर जी मेन एक्सई हाय, जी बदलून टाकायची असती फुल व्हर्जनसाठी, तिच्यावर सही हाय पण व्हॅलिड न्हाई म्हणतंय.

मास्तरीणबाई
सही केल्यानंतर फाईलमध्ये एक बाइट जरी बदलला तरी तसंच म्हणतं दादा. कुणी बदलली ते कळत नाही, बदलली एवढं नक्की.

रिपेरवाला_राजारामपुरी
लायसन काढण्यापुरती बदलली आसंल की. म्हणजे चोरच हाय आसं न्हवं.

लेथवाला_उद्यमनगर
असेल. पण लायसन काढणाऱ्यानं तेवढंच करून हात धुतले का, हे तुम्ही तरी सांगू शकता का? आणि दुकानातल्या तुमच्या स्वतःच्या मशीनवर ती टाकली असेल ना आत्ता बघायला?

रिपेरवाला_राजारामपुरी
बिलिंगच्या मशीनवर न्हाई टाकत मी. टेस्टिंगचं येगळं हाय.

टक्सभाऊ
😂😂 बिलिंगवर का नाही टाकत भावा?

रिपेरवाला_राजारामपुरी
हसा. लेथवाले, शनिवारी एसएसडी घेऊन ये दुकानात, डिस्क यूएसबीला जोडायची साटा टू यूएसबी केबल माझ्याकडं हाय. कंपनीचं टूल तूच उतरवून आण. सोर्स कुठली टार्गेट कुठली ते मी बघतो, तेवढं तरी माझ्यावर सोड.