अपडेट आलं आणि एक्स्टेन्शन गेलं: तुमचे अनुभव लिहा

ब्राउझर उघडला की वरच्या पट्टीतलं एखादं चिन्ह करडं झालेलं दिसतं, किंवा दिसतच नाही, आणि सोबत एक ओळ असते की हे एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम) आता सपोर्टेड नाही. ज्यांच्यावर ही वेळ आलीये त्यांना पुढचं सांगायला नको. कुणाजवळ मन मोकळं करायला जावं तर "अगं मग दुसरं टाक ना" एवढंच ऐकू येतं. दुसरं टाकता येतं हे मलाही माहितीये हो, पण त्या एका एक्स्टेन्शनभोवती कामाची जी सगळी घडी बसलेली असते ती परत बसवायला किती वेळ जातो ते बाहेरून कळत नाही, म्हणून हा धागा काढतेय. कुठलं एक्स्टेन्शन होतं, त्यावर नेमकं काय काम चालायचं, आतला डेटा हाती लागला का, हे जरा सविस्तर लिहा. नुसतं "अमुक वापरा" नको, आधी अनुभव लिहा आणि मग उपाय.

सुरुवात मीच करते. मी मजकूर तपासायचं काम करते. एका लेखासाठी संदर्भाची पंधरा-वीस पानं उघडावी लागतात आणि असे तीन-चार लेख एकदम चालू असतात. माझे टॅब डाव्या बाजूला उभे असायचे, लेखाच्या पानातून जे पान उघडलं ते त्याच्याच खाली थोडं आत सरकून बसायचं, त्यातून उघडलेलं आणखी आत. लेख संपला की मुख्य पान मिटायचं, त्याच्या पोटातली सगळी पानं आपोआप मिटायची. अपडेटनंतर सगळे टॅब वर एका रांगेत आले, इतके दाटीवाटीने की नावाची दोन अक्षरंसुद्धा दिसेनात. पान एकही हरवलं नव्हतं. पण कुठलं पान कुठल्या लेखासाठी आणि कशातून उघडलं होतं, हे सगळं गेलं, आणि ते परत आठवत बसणं म्हणजे अर्धं काम पुन्हा करणंच होतं. राग याचा आला की आदल्या दिवशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तर मी नुसती यादी तरी उतरवून ठेवली असती.

*

अगदी अगदी. माझं पानं साठवायचं एक्स्टेन्शन गेलं. मला वेबवरचं काही आवडलं की ते चित्रांसकट उतरवून ठेवायची सवय आहे, कारण वेबसाइटी बंद पडतात, लोक लेख काढून टाकतात. माझी सगळी साठवण एमएएफएफ या, पान आणि चित्रं एकाच फाइलीत बांधणाऱ्या फॉरमॅटमध्ये होती. एक्स्टेन्शन बंद झाल्यावर फोल्डर आहे, फाइली आहेत, त्यांचा आकार दिसतोय, पण डबलक्लिक केलं तर उघडायला कुणीच नाही. तो दिवस फार वाईट गेला. त्यातले काही लेख आता नेटवर कुठेच नाहीत, ज्यांनी लिहिले त्यांच्याकडेही नसावेत.

मग कळलं की ही फाइल मुळात झिपच असते. नावाच्या शेवटी झिप लावलं आणि उघडली! आत एक फोल्डर, त्यात पान आणि त्याची चित्रं, आणि बाजूला एक छोटी आरडीएफ फाइल, तीत मूळ पत्ता आणि पान साठवलं ती तारीख. एकेक करून सगळ्या सोडवल्या. आता सिंगलफाइल हे एक्स्टेन्शन वापरतो, त्यात सगळं पान एका साध्या एचटीएमएल फाइलीत येतं आणि ते कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडतं. यापुढे एक्स्टेन्शनशिवाय उघडणार नाही अशा फॉरमॅटमध्ये मी काहीही साठवणार नाही.

*

मी एक छोटं एक्स्टेन्शन लिहिते, म्हणून दुसऱ्या बाजूने थोडं.

हे का होतं ते आधी सांगते. फायरफॉक्सच्या जुन्या एक्स्टेन्शनांना ब्राउझरच्या पार आत हात घालता यायचा. मेनू, टॅब, पट्ट्या, सगळं बदलता यायचं कारण ब्राउझरचा दर्शनी भाग ज्या एक्सयूएल नावाच्या भाषेत लिहिलेला होता तिलाच ती जाऊन चिकटायची. पण म्हणूनच ब्राउझरने आतलं काहीही हलवलं की ती मोडायची, आणि ब्राउझर वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये (एकमेकांपासून अलग भागांत) चालवायचं काम सुरू झालं तेव्हा ही जुनी पद्धत अडथळाच होती. १४ नोव्हेंबर २०१७ ला फायरफॉक्स ५७ आलं आणि जुनी पद्धत बंद झाली, उरली फक्त वेबएक्स्टेन्शन्स ही नवी पद्धत. जुन्या पद्धतीत घराची किल्ली हातात होती, नवीनमध्ये दारं ठरवून दिलीयेत आणि जिथे दार नाही तिथे जाता येत नाही. ब्राउझरचं जुनं रूप परत आणणाऱ्या क्लासिक थीम रिस्टोअररसारखी एक्स्टेन्शनं त्यामुळे नव्याने लिहिणंच शक्य नव्हतं. पानावरच्या सगळ्या फाइली एकदम उतरवणारं डाउनदेमऑल मात्र २०१९ मध्ये नव्याने लिहून परत आलं, आणि ते लिहिणाऱ्याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

सफारीतही जुनी एक्स्टेन्शनं २०१९ च्या १३ व्या आवृत्तीत गेली. आणि क्रोममध्ये मॅनिफेस्ट व्ही ३, म्हणजे एक्स्टेन्शनांसाठीची नवी नियमावली. पूर्वी जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन पानाची प्रत्येक रिक्वेस्ट (नेटवरून काही मागवणं) मधेच थांबवून स्वतः ठरवायचं की ही जाऊ द्यायची की अडवायची. आता नियमांची यादी आधी ब्राउझरच्या हवाली करायची आणि अडवायचं काम ब्राउझर करणार. त्या यादीलाही मर्यादा आहे, एका एक्स्टेन्शनला ३०,००० नियमांची हमी, त्यावर जे मिळेल ते सगळ्या एक्स्टेन्शनांच्या सामायिक साठ्यातून. दुसरं म्हणजे एक्स्टेन्शनचं मागे सतत चालणारं, न दिसणारं पान गेलं, त्या जागी सर्व्हिस वर्कर नावाचा कामापुरताच जागा होणारा प्रोग्रॅम आला, तो साधारण ३० सेकंद काही काम नसलं की बंद होतो. म्हणजे एक्स्टेन्शनने जे काही नुसतं मेमरीत धरून ठेवलेलं असेल ते गेलं.

हे वाचायला दोन ओळी वाटतात पण माझ्या एक्स्टेन्शनची रचनाच "मागचं पान चालू आहे" या गृहीतावर उभी होती. सगळं उकलून परत लिहावं लागलं, नोकरी सांभाळून, रात्री, आणि याचे कुणी पैसे देत नाही. त्या काळात जे एक स्टार देऊन गेले त्यांना एवढंच सांगायचंय की तुमच्या हातातलं जे मोडलं ते माझ्याही हातातलं मोडलं होतं. बरेच लेखक याच टप्प्यावर सोडून देतात आणि मी त्यांना अजिबात दोष देत नाही.

*

वरचा प्रतिसाद वाचून बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला, धन्यवाद ताई.

माझी नजर अधू आहे. देवनागरी मजकूर बऱ्याच साइटवर इतक्या घट्ट ओळींत असतो की वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांत घुसतात, काही ठिकाणी तर वेलांटीचा वरचा भाग कापलेलाच दिसतो. माझ्याकडे एक एक्स्टेन्शन होतं, त्यात प्रत्येक साइटला वेगळा फॉन्ट, वेगळा आकार, दोन ओळींमधलं वेगळं अंतर असं ठरवून ठेवता यायचं. ज्या साइट रोज वाचायचो त्या सगळ्या मी बसवून घेतल्या होत्या. अपडेटमध्ये ते गेलं आणि त्यातल्या सेटिंगाही गेल्या. ब्राउझरचं स्वतःचं किमान अक्षराचं सेटिंग आहे पण ते सगळीकडे सारखंच लागतं, मग एका साइटवर वाचता येतं तर दुसरीकडे बटणं एकमेकांवर चढतात.

डोळे नीट असलेल्यांना ही सोय वाटेल, मला ते नसेल तर वाचताच येत नाही. काही आठवडे मी बातम्या वाचणं जवळजवळ सोडलं होतं. नंतर भाचीने स्टायलस हे एक्स्टेन्शन बसवून दिलं आणि त्यात साइटवार सीएसएस (पान कसं दिसावं याचे नियम) लिहून दिलं, ओळींचं अंतर १.८ आणि आपला ठरलेला फॉन्ट. ते सगळं एका टेक्स्ट फाइलीत वेगळं उतरवून ठेवलंय, एक्स्टेन्शन गेलं तरी निदान नियम हातात राहतील.

*

मला अपडेटची बाजू मांडायचीये, राग मानू नका.

आपण एक्स्टेन्शन टाकताना "सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे" याला हो म्हणतो. यात बँकेचं पान आलं, मेल आली, सगळं आलं. आणि एक्स्टेन्शन विकलं जाऊ शकतं. न वापरलेले टॅब झोपवणाऱ्या द ग्रेट सस्पेंडरचं तेच झालं, मालक बदलला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने मालवेअर म्हणून ते काढून टाकलं. एक्स्टेन्शनं स्वतःहून अपडेट होतात, नवीन मालकाने आत काय घातलं ते वापरणाऱ्याला कळतही नाही. त्यामुळे एक्स्टेन्शनचे अधिकार कमी करणं मला चुकीचं वाटत नाही, आणि "अपडेटच बंद करून टाका" असं जे सुचवतात त्यांना हात जोडून सांगतो की असं करू नका, जुन्या ब्राउझरमधली भोकं सगळ्यांना माहिती असतात.

जाता जाता, त्या सस्पेंडरमध्ये झोपवलेले टॅब ज्यांचे गेले त्यांना पानं परत मिळवता आली होती, कारण हिस्टरीत जो लांबलचक पत्ता उरायचा त्याच्या शेवटी मूळ पानाचा पत्ता जसाच्या तसा असायचा. अशा वेळी हिस्टरी साफ करू नका, आधी नीट बघा.

*

धागाकर्ती: सुरक्षेचं पटतंय, त्यावर वादच नाही. पण जे जाणार आहे ते महिनाभर आधी ठळक सांगा आणि आतलं सगळं एका बटणावर बाहेर काढू द्या, एवढं झालं तरी निम्मा त्रास वाचेल. या दोन्ही गोष्टींनी सुरक्षेला कुठे धक्का लागतो ते मला समजत नाही.

*

माझा प्रश्न हाताचा आहे. मनगट दुखायचं म्हणून माउस कमी करायला सांगितलं होतं, तेव्हापासून सगळं ब्राउझिंग कीबोर्डवर. एफ दाबलं की पानावरच्या प्रत्येक लिंकवर एकदोन अक्षरं उमटतात, ती दाबली की लिंक उघडते, जे आणि के ने खाली वर. याची बोटांना इतकी सवय होते की विचारच करावा लागत नाही. जुनं एक्स्टेन्शन सगळीकडे चालायचं. ते गेल्यावर जे नवीन मिळालं ते चांगलंच आहे, पण ब्राउझरच्या स्वतःच्या पानांवर, सेटिंगमध्ये, एक्स्टेन्शनच्या स्टोअरमध्ये ते चालत नाही, चालू देतच नाहीत. पान पूर्ण लोड व्हायच्या आधी दाबलेली की तर वाऱ्यावर जाते. म्हणजे दिवसातून कितीतरी वेळा बोटं जाऊन आपटतात आणि हात माउसकडे न्यावा लागतो. संध्याकाळी मनगट सांगतं आज किती वेळा नेला ते.

एक्स्टेन्शनला तिथे का शिरू देत नाहीत ते मला कळतं. पण मग ब्राउझरनेच स्वतःच्या पानांवर अशी सोय द्यावी ना, निदान ज्यांना हाताचा त्रास आहे त्यांच्यासाठी.

*

एक महत्त्वाची गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. एक्स्टेन्शन बंद पडलं तर ते काढून टाकू नका!! बंद असलेल्या एक्स्टेन्शनचा डेटा सहसा जागेवर असतो, काढलं की पुसला जातो.

मे २०१९ मध्ये फायरफॉक्सची एक्स्टेन्शनं एका फटक्यात सगळ्यांचीच बंद पडली होती, नवी जुनी सगळी. कारण एक्स्टेन्शनवर जी सही तपासली जाते तिच्या साखळीतल्या एका सर्टिफिकेटची मुदत संपली होती. ओळख लपवणाऱ्या टॉर ब्राउझरमधलं, पानांवरच्या स्क्रिप्ट अडवणारं नोस्क्रिप्टसुद्धा त्यात बंद झालं, आणि ज्यांची सुरक्षितता त्यावर अवलंबून असते त्यांच्यासाठी ही साधी गैरसोय नव्हती. दुरुस्तीची ६६.०.४ आवृत्ती ५ मेला आली आणि ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांचं सगळं परत सुरू झालं. ज्यांनी घाईने काढून परत टाकायचा प्रयत्न केला त्यांच्या सेटिंगा गेल्या. घाबरून हात चालतोच, ते साहजिक आहे, पण आधी एक दिवस थांबा.

दुसरं, जुनी आवृत्ती परत टाकायचा विचार असेल तर अपडेटच्या आधी प्रोफाइलचा (तुमच्या सेटिंगा आणि एक्स्टेन्शनं जिथे असतात त्याचा) अख्खा फोल्डर कॉपी करून ठेवा. फायरफॉक्स ६७ पासून नव्या आवृत्तीत उघडलेलं प्रोफाइल जुन्या आवृत्तीत सरळ उघडत नाही, नवीन प्रोफाइल करायला सांगतं. ज्यांचं रोजचं काम एक्स्टेन्शनवर चालतं त्यांनी फायरफॉक्सची ईएसआर (जास्त काळ सपोर्ट मिळणारी) आवृत्ती बघा, तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतात आणि मोठे बदल साधारण वर्षाने येतात, तेवढा वेळ तयारीला मिळतो.

*

वरच्याला जोडून, जाहिराती अडवणाऱ्या यूब्लॉक ओरिजिनबद्दल, कारण घरात सगळे मलाच विचारतात. क्रोममध्ये ते चालत नाही आणि त्याच्या जागी जे यूब्लॉक ओरिजिन लाइट आहे ते वेगळं एक्स्टेन्शन आहे, मॅनिफेस्ट व्ही ३ साठी केलेलं. जुन्याचे स्वतः लिहिलेले फिल्टर (काय अडवायचं त्याचे नियम) आणि सेटिंग त्यात आपोआप येत नाहीत. त्याचे लेखक रेमंड हिल यांनी दोन्ही वेगळी ठेवली हे मला योग्य वाटतं, नाव तेच ठेवून आतून कमी ताकदीचं काही हातात दिलं असतं तर लोकांना कळलंही नसतं. फायरफॉक्समध्ये मूळचं अजून चालतं. जिथे चालू आहे तिथे सेटिंगमध्ये जाऊन बॅकअप फाइल काढा, साधी टेक्स्ट फाइल आहे, तुमचे सगळे फिल्टर त्यात दिसतात. मी आईचे, बहिणीचे आणि माझे असे तिन्ही काढून ठेवलेत.

*

माझं जे गेलं त्याचा लेखक उत्तरच देत नव्हता, मेल परत यायची. पण कोड उघडा होता आणि परवान्यात बदल करून वापरायची मुभा होती. अनोळखी चार जणांनी मिळून ते चालू केलं. मी प्रोग्रॅमर नाही, मी फक्त रोज वापरून कुठे अडतंय ते स्क्रीनशॉटसकट कळवत राहिले, आणि एकाने उलट लिहिलं की अशी माहिती फार कमी लोक देतात, द्याच. एक्स्टेन्शन लिहिणाऱ्या ताई, तुमच्याकडे अशी मदत लागणार असेल तर सांगा, मराठी भाषांतरही करून देईन.

*

लागणारे. सध्या मेनू फक्त इंग्रजीत आहे. शब्दांची फाइल छोटीच आहे, आज रात्री व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.