परत निघताना मूव्हिंग सेलमध्ये काय मांडायचं?

सांजवात:
आम्ही जूनच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एडिसनहून (न्यू जर्सी) कायमचे पुण्याला परत निघालोय. मुलीची शाळा जूनमध्येच सुरू होते, त्यामुळे तारीख मागेपुढे होणार नाही. घरात सध्या एकाच गोष्टीवरून वाद आहे: मूव्हिंग सेलमध्ये, म्हणजे घर सोडताना सामान विकायला काढतात त्यात, काय ठेवायचं?

माझं मत असं. इथल्या विजेवर चालणारं सगळं विकावं. इथे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० आणि ५०. जड ट्रान्सफॉर्मर आणून व्होल्टेज उतरवता येतं, हर्ट्झ बदलत नाहीत. मायक्रोवेव्ह तसा चालवला तर आतलं तापतं. लॅपटॉप-फोनच्या चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असतं, ते मात्र बॅगेत टाकायचे.

लाकडी सामानही विकावं. भुश्याच्या बोर्डाची कपाटं एकदा उघडली की पुन्हा स्क्रू धरत नाहीत.

पण सोऱ्या, पुरणयंत्र, मोदकपात्र, पितळी डबे, मिक्सर हे टेबलावर मांडून त्यावर दोन डॉलरची चिठ्ठी चिकटवायला माझा ठाम विरोध आहे. इथल्या रटगर्स विद्यापीठात दरवर्षी आपली मुलं शिकायला येतात, त्यांना असंच द्यावं. नवऱ्याला हे पटत नाही. तो म्हणतो, एक तर कंटेनरमध्ये घाल, नाहीतर विक. तुमचं काय मत?

डेक्कनचा_पाहुणा:
लाकडी सामानाबद्दल असहमत. सरसकट विकू नका. बोर्डाचं विका, पण भरीव ओक किंवा मेपलचं जेवणाचं टेबल असेल तर ते न्या. त्या दर्जाचं लाकूड पुण्यात घ्यायला गेलात की सेलमध्ये आलेल्या पैशात त्याचे पायसुद्धा येणार नाहीत. कंटेनरमध्ये जागा घनफुटांवर मोजतात. टेबलाचे पाय निघत असतील तर ते फार जागा खात नाही. सोफा खातो, तो विका. शिवाय पुण्यातल्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये अमेरिकन सोफा मावत नाही, जिन्याने चढवावा लागतो.

आणि किंग साइझ पलंग नेण्याआधी मापं बघा. इथला ७६ बाय ८० इंच, आपल्याकडे सर्रास ७२ बाय ७८. पुढे प्रत्येक चादर शोधत बसाल.

ओकट्री_शेजारी:
ताई, तुमचा नियम मिक्सरपाशीच मोडतो. इथल्या व्होल्टेजवर चालणारा भारतीय मिक्सर पुण्यात निरुपयोगी आहे आणि इथे त्याला सोन्याची किंमत. आमच्या कॉम्प्लेक्सच्या व्हॉट्सअॅप गटावर असा मिक्सर टाकला की संध्याकाळच्या आत जातो. वेट ग्राइंडरचंही तेच. हे फुकट का द्यायचं? घेणाऱ्याला गरज आहे आणि तो आनंदाने पैसे देतो.

मला तर वाटतं, फुकट वाटण्यापेक्षा थोडे पैसे घेतलेलेच बरे. पैसे देऊन नेलेली वस्तू माणूस वापरतो. फुकट नेलेली कित्येकदा पुढच्या महिन्यात कचराकुंडीशेजारी दिसते. मी इथे हे वर्षानुवर्षं बघतोय.

बस्ता_बांधलेला:
मी रटगर्सलाच आहे, म्हणून लिहितो. काकू, तुमचा हेतू चांगला आहे, पण वेळ जुळत नाही. नवी मुलं ऑगस्टमध्ये येतात, तुम्ही जूनमध्ये निघताय. मे महिन्यात उलट पदवी घेतलेली मुलं घरं रिकामी करत असतात. टेबलं, खुर्च्या, दिवे मिळेल त्या भावात निघतात. म्हणजे तुमच्या सेललाही मेअखेरीस भाव कमी मिळेल. मोठं सामान एप्रिलपासूनच विकायला काढा.

आणि खरं सांगायचं तर आम्ही पुरणयंत्र वापरत नाही. आम्हाला लागतो कुकर, एक जाड बुडाची कढई, पोळपाट-लाटणं, मसाल्याचा डबा, जाड पांघरुणं. पहिल्या आठवड्यात कुकर नसला तर रोज बाहेरचं खावं लागतं आणि पहिला पगार यायला वेळ असतो. या वस्तू कुणी असंच दिल्या तर ते विसरलं जात नाही. मला मिळालेला कुकर अजून रोज वापरतोय.

ओकट्री_शेजारी:
एक कुकर वापरात राहिला म्हणून सगळं फुकट द्यावं असं होत नाही. परत जाणाऱ्यालाही पुण्यात शून्यापासून घर लावायचं असतं. शाळेची फी, घराचं डिपॉझिट, सगळे खर्च एकदम येतात. त्या वेळी सेलचे पैसे लागतात, त्यात कमीपणा कसला?

तिसरामजला:
लहान मुलांच्या सामानाबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते. कार सीटवर मुदत छापलेली असते, ती संपली असेल किंवा गाडीला कधी अपघात झाला असेल तर ती सेलमध्ये नको, दानही नको. पट्टे कापून टाकून द्या. एक बाजू खालीवर सरकणारा बाळाचा जुना कठड्याचा पलंग (क्रिब) असेल तर जून २०११ पासून इथे तो विकणं बेकायदा आहे, गराज सेलमध्येसुद्धा. कंपनीने परत मागवलेल्या वस्तूही विकता येत नाहीत. आधी तपासा. दुसऱ्याच्या बाळाचा प्रश्न आहे. काही टाउनशिपमध्ये (म्हणजे इथल्या नगरपालिकांत) गराज सेलला परवाना लागतो, तेही विचारून घ्या.

पितळी डब्यांबाबत मी सांजवातशी सहमत नाही. तांबट आळीत नवे मिळतात. चार किलो पितळ समुद्रापलीकडे कशाला न्यायचं?

सांजवात:
मिक्सर, ग्राइंडर विकणार, हे पटलं. ओकचं टेबल आमच्याकडे नाही, त्यामुळे तो प्रश्न उरत नाही. मुलीची जुनी कार सीट आज रात्रीच तपासते.

पण डब्यांबाबत नाही. ते आजीचे आहेत, तिच्या नावाची अक्षरं झाकणावर ठोकलेली आहेत. तांबट आळीत नवं पितळ मिळेल, ती अक्षरं मिळणार नाहीत. ते हँडबॅगेतून जातील. पुरणयंत्र आणि मोदकपात्र इथल्या मंडळाला देणार आहे, गणपतीला दरवर्षी लागतातच.

आणि कुकर, कढया, पोळपाट यांचे पैसे मी घेणार नाही, शेजारी, तुमचं म्हणणं समजूनही. गरज नसेल तर घेऊ नये, असं माझं मत आहे. तुमची गरज वेगळी असू शकते.

@बस्ता_बांधलेला, ऑगस्टपर्यंत दोन खोकी ठेवायला तुमच्याकडे जागा आहे का?

बस्ता_बांधलेला:
माझ्या खोलीत नाही. पण आमचा एक सिनियर तळघर असलेल्या घरात राहतो, त्याला विचारतो. खोक्यावर आतल्या वस्तूंची यादी चिकटवून द्या, म्हणजे वाटताना एकाच मुलाला तीन कढया जाणार नाहीत.

ओकट्री_शेजारी:
तळघर कोरडं आहे ना, ते आधी बघा. न्यू जर्सीत जुलैच्या पावसात तळघरात पाणी येतं. लोखंडी तवे त्यात ठेवू नका, गंजतील. ते मला द्या. पैसे देऊनच नेईन.