विहिणींना द्यायच्या २५ बुट्ट्या, आतले मांडे मऊ पडतायत, पॅकिंग कसं करू?

खानापूरची_थोरली
नमस्कार सगळ्यांना. धाकट्या बहिणीचं लग्न आहे, तुळशीचं लग्न झालं की लगेचच, मुलाकडची मंडळी पुण्याची. विहीणबाई आणि त्यांच्याकडच्या मानाच्या बायकांना साडीबरोबर एकेक बुट्टी द्यायची असं मी आणि आईनं ठरवलंय, एकंदर २५. बाजारात तयार हॅम्पर बघून आले पण सगळ्यात तीच चॉकलेटं, तोच कॉफीचा मग, त्यात आमच्या घरचं, आमच्या गावचं काय दिसणार? म्हणून कळकाची बुट्टी, म्हणजे बांबूची टोपली, आणि आत घरी केलेले मांडे, शेंगाची चटणी, संकेश्वरी मिरचीचा मसाला, तिळाचे लाडू, गुळाची लहान भेली, आणि बेळगावचा कुंदा, गोकाकचा करदंट एवढे दोनच विकतचे.

गेल्या आठवड्यात एक बुट्टी करून बघितली. वरनं जिलेटिन पेपर गुंडाळला, रिबीन बांधली, रात्री छान दिसत होती. सकाळी बघते तर पेपरला आतनं दव धरलेलं आणि मांडे गेलेले. मांड्याची घडी उचलली तर कडकन तुटायच्या ऐवजी चपातीसारखी वाकली हो. काकूनं सकाळभर चुलीपुढे बसून केलेले मांडे, मला रडूच आलं. कुंद्याला पण मसाल्याचा वास लागला. आणि पेपर तर ढिलाच राहतो, हेअर ड्रायर मारून बघितला, काही उपयोग नाही. व्हिडिओत कसा चापूनचोपून बसतो मग? प्लीज सांगा, दिवस कमी आहेत.

शहापूरचा_दुकानदार
ताई माझं स्टेशनरी आणि गिफ्टचं दुकान आहे म्हणून पेपरचं तेवढं सांगतो. जिलेटिन पेपर गरम केला तरी आवळत नाही, तो नुसता चुरगळतो. व्हिडिओत असतो तो श्रिंक रोल, दुकानात श्रिंक म्हणूनच मागा, दिसायला दोन्ही सारखेच त्यामुळे घरी नेऊन बारका तुकडा ड्रायरवर धरून बघा, आखडला तरच पुढचं काम. घरचा ड्रायर पातळ श्रिंकला चालतो, जाडाला हीट गन लागते. ड्रायर लांबून आणि फिरवत राहायचा, एका जागी धरला की भोक पडतं. पण खरं सांगू का, आत कुंदा, लाडू असताना गरम हवा मारूच नये, तूप सुटतं. जिलेटिनच ठेवा आणि माप नीट घ्या. बुट्टी १२ इंच रुंद आणि आतल्या वस्तूंसकट १० इंच उंच असेल तर १२ अधिक १० अधिक १० म्हणजे ३२, आणि वर गोळा करून बांधायला दोन्ही बाजूला ७-८ इंच, म्हणजे ४६ ते ४८ इंचाचा तुकडा पायजे. रोल तेवढ्या पन्ह्याचा नसला तर दोन पट्टे आडवे-उभे टाकून वर बुट्टी ठेवायची. आधी रबर बँड घट्ट, मग त्यावर रिबीन. रिबिनीनंच आवळायला गेलं की ती सरकते आणि पेपर ढिला पडतो, तुमचं तेच झालं असणार.

निपाणीची_वैनी
अगं कुंदा आणि मांडे एका पेपरात कोंडलेस तर दुसरं काय होणार! कुंदा म्हणजे खवा, त्यात ओल असतेच, आणि मांड्यात पिठीसाखर, ती ओल ओढून घेते. कुंदा घट्ट झाकणाच्या डब्यात घाल, पुठ्ठ्याच्या बॉक्समधनं ओल बाहेर येते. मांडे पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीत घालायचे नाहीत, हाताला जरा जरी कोमट लागले तरी थांबायचं. पिशवी सील करायची आणि बुट्टीत सगळ्यात वर, शेवटी. गुळाची भेली, चटणीची बरणी खाली आणि मागच्या अंगाला, बारीक वस्तू पुढं. मसाला दोन पिशव्यांत, एकात एक, तरच वास थांबतो. आणि कुंदा लग्नाच्या आदल्या दिवशीचाच घे, बाहेर चार-पाच दिवसांच्या वर मी त्याचा भरवसा धरत नाही. करदंटात डिंक, गूळ, सुका मेवा, त्याची काळजी नको.

येळ्ळूरचा_भाऊ
अक्का बुट्टी कधी आणलासा? त्याच दिवशी बाजारातनं आणून भरलासा काय? वैनी म्हणूलेत ते बरोबर हाय पण मला तर बुट्टीचाच संशय येऊलाय. सीझनला बुरुडाकडनं येणाऱ्या बुट्ट्या पुष्कळदा ओल्या कळकाच्या असतात, हिरवट दिसली की समजायचं. आमच्या घरी भाताच्या कामाला दरवर्षी नव्या बुट्ट्या येतात, उन्हात न टाकता रचून ठेवल्या की बुरशी धरते. एक काम करा, रिकामी बुट्टी जिलेटिनमध्ये बांधून रात्रभर ठेवा. सकाळी दव दिसलं तर कुंद्याला बोल लावू नका. आणि तळाला कागदाच्या ऐवजी भाताचा पिंजर, म्हणजे पेंढा, घाला की, पण चांगला वाळलेला, झटकून घेतलेला. वस्तू हलत नाहीत आणि आपल्याकडचं दिसतंय पण.

खानापूरची_थोरली
भाऊ, तुमचंच खरं निघालं!! काल रात्री त्याच लॉटमधली रिकामी बुट्टी बांधून ठेवली होती, आत्ता उठून बघितलं तर वरच्या घडीत पाण्याचे थेंब. काकूला दाखवलं, ती बिचारी आठवडाभर आपलंच काहीतरी चुकलं म्हणून मनाला लावून बसली होती. सगळ्या बुट्ट्या गच्चीवर उन्हात टाकल्यात आता. वैनी, डबे पण बदलते. पण कांबट्यांची टोकं पेपरला टोचून फाटतायत, त्याला काय करायचं?

चिकोडीची_आत्या
टोकं नखकात्रीनं कापून वरनं पॉलिश पेपर मार, नाहीतर बायकांच्या हाताला पण सल लागतील. पण मी म्हणते पेपर पायजेच कशाला गं? आमच्या लहानपणी माहेरची बुट्टी यायची ती कापडात बांधूनच, गाठ सोडताना सगळी पोरं भोवती जमायची. तू खणात बांध. गुळेदगुड्डचा खण घे, नाहीतर साधा काठाचा कॉटन घे. बुट्टीच्या रुंदीच्या तिप्पट चौकोन लागतो, १२ इंचाच्या बुट्टीला ३६ इंच, म्हणजे एक मीटर कापडात बसतं, पन्हा मात्र तेवढा बघून घे. खण अरुंद असला तर दोन जोडायच्या भानगडीत पडू नकोस, आठ-नऊ इंचाची बुट्टी घे. समोरासमोरची दोन टोकं वर बांधायची, मग उरलेली दोन त्यावर. कापडातनं हवा जाते, कोंडणार नाही, मांडे तर सीलबंद पिशवीत आहेतच. आणि तो खण विहिणीला चोळीला होतो, पेपर काय, त्याच दिवशी कचऱ्यात.

शहापूरचा_दुकानदार
आत्यांचं पटलं मला, माझा पेपर खपला नाही तरी चालेल. फक्त गाडीतनं पुण्याला जाणार म्हणजे बुट्टी गोल बुडाची असेल तर आतनं जाड पुठ्ठा कापून बसवा आणि एकावर एक रचू नका.

खानापूरची_थोरली
आत्या, आईला वाचून दाखवलं तुमचं. ती काहीच बोलली नाही, आत गेली आणि ट्रंकेतनं तिच्या लग्नातल्या ओटीचा खण काढून घेऊन आली, हिरवा, लाल काठाचा. विहीणबाईंची बुट्टी त्यातच बांधायची म्हणाली. कसर लागलेली नाही, घडीवर जरा विरलाय तेवढाच. बाकी २४ साठी उद्या बेळगावला जातोय, खडेबाजारात बघते. बुट्ट्या लहानच घेतल्यात, ९ इंचाच्या, त्या उन्हात आहेत.

निपाणीची_वैनी
विरलेल्या घडीवर गाठ येऊ देऊ नकोस, जरा तिरका धरून बांध. आणि कुंद्याच्या डब्यावर तारीख लिहायला विसरू नकोस.