मदत हवी आहे: लायसन्स सर्व्हर बंद पडल्यावर डिझाइनचे काम कसे चालू ठेवावे?

नमस्कार. वाळूज एमआयडीसीतील एका लहान टूलरूमच्या डिझाइन विभागाचे संगणक मी सांभाळतो. आमच्या कॅड सॉफ्टवेअरची कायमस्वरूपी विकत घेतलेली फ्लोटिंग लायसन्स (म्हणजे नेटवर्कवरील संगणकांना गरजेनुसार आळीपाळीने वापरता येणारी) फ्लेक्सनेट या लायसन्स-वाटप प्रणालीवर चालतात आणि ती सर्व एकाच जुन्या डेस्कटॉपवरून वाटली जातात. गेल्या आठवड्यात भर दुपारी तो डेस्कटॉप बंद पडला. ज्यांच्याकडे सॉफ्टवेअर आधीच उघडे होते, त्यांना थोड्या वेळाने काम सेव्ह करून बाहेर पडण्याची सूचना आली, आणि नव्याने तर कोणालाच ते उघडता येईना. ग्राहकाच्या प्रॉडक्शन लाइनवर डायची ट्रायल ठरलेली असताना ड्रॉइंग डोळ्यांसमोर असूनही उघडता न येणे फार क्लेशदायक आहे.

डेस्कटॉप आता पुन्हा सुरू झाला आहे. त्याच्यावर बसून एलएमस्टॅट ही लायसन्सची स्थिती दाखवणारी आज्ञा चालवली, तर सर्व काही ठीक दिसते. मात्र इतर संगणकांना लायसन्स मिळत नाही. शिवाय मदरबोर्ड बदलावा लागेल, असे दुरुस्ती करणाऱ्याचे म्हणणे आहे. बोर्ड बदलल्यावर जुनी लायसन्स फाइल चालेल का? आणि असा प्रसंग पुन्हा आल्यास काम थांबू नये, यासाठी काय करावे? कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
पहिली अडचण बहुधा फायरवॉलची आहे. मुख्य लायसन्स मॅनेजर २७००० ते २७००९ यांपैकी एखादा पोर्ट (नेटवर्कवरील क्रमांकित मार्ग) घेतो, परंतु व्हेंडर डीमनचा, म्हणजे त्या सॉफ्टवेअरची लायसन्स प्रत्यक्ष देणाऱ्या प्रोग्रामचा, पोर्ट वेगळा असतो आणि लायसन्स फाइलमध्ये तो ठरवून दिलेला नसेल, तर सर्व्हर सुरू होताना दर वेळी बदलू शकतो. त्यामुळे काल खुला असलेला मार्ग आज बंद असतो. फाइलमधील व्हेंडरच्या ओळीत पोर्टचा क्रमांक लिहा, दोन्ही पोर्ट फायरवॉलमध्ये उघडा आणि सेवा पुन्हा सुरू करा.

फाइल सहसा नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्याशी (कार्डाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाशी) बांधलेली असते. कार्ड बोर्डातच असेल, तर नव्या बोर्डासाठी विक्रेत्याकडून नवी फाइल घ्यावी लागेल. सर्व्हरचे नाव आपण बदलू शकता, हा पत्ता मात्र नाही, कारण फाइलची डिजिटल सही त्यावरच होते.

पुढील काळासाठी तीन सर्व्हरची जोडणी करता येते. तिच्यात तिघांपैकी दोन चालू असले की लायसन्स मिळत राहते, पण एका टूलरूमसाठी एवढा पसारा मला अनावश्यक वाटतो. विक्रेत्याने बॉरो सुविधा दिली असेल, तर तातडीच्या कामाच्या संगणकांवर काही दिवसांसाठी लायसन्स आधीच उतरवून ठेवा. त्या मुदतीत सर्व्हर नसला तरी चालते.

धागाकर्ता
मनःपूर्वक आभार. पोर्ट ठरवून दिल्यावर सर्व संगणकांना लायसन्स मिळू लागले. मदरबोर्डाचा प्रश्न मात्र अडकला आहे, कारण वार्षिक देखभाल करार नव्याने केल्याशिवाय नवी फाइल देता येणार नाही, असे विक्रेत्याने कळवले आहे. लायसन्स कायमस्वरूपी असताना केवळ यंत्र बदलण्यासाठी अशी अट आपल्यापैकी कोणाला घातली गेली होती का, आणि खरेदीच्या मूळ करारातील कोणते कलम त्यांच्यासमोर ठेवावे?