एचआयव्हीत सीडीफोर (रक्तातल्या संरक्षक पेशींचा आकडा) ६५० आहे म्हणून गोळ्या लांबवायच्या??

खडूस_काकू: काल इथे एकाने लिहिलंय, "मित्राला एचआयव्ही निघाला, पण सीडीफोर ६५०, म्हणजे तब्येत ठणठणीत, गोळ्यांचं दोनेक वर्षांनी बघू." आणि खाली लोक माना डोलावतायत! अहो, लगेच गोळ्या की थांबून, हे बघणाऱ्या स्टार्ट ट्रायलचा निकाल २०१५ मधे आला, त्यात सगळे ५०० च्या वरचेच होते, तरी लगेच गोळ्या घेणाऱ्यांत गंभीर आजार आणि मृत्यू थांबलेल्यांच्या निम्म्याहून कमी. त्याच साली डब्ल्यूएचओने गोळ्या सुरू करायला आकड्याची अटच काढून टाकली.

निवांत: ती पोस्ट माझीच. निम्म्याहून कमी म्हणजे किती तेही सांगा ना, ४.१ टक्क्यांवरून १.८. म्हणजे थांबलेल्यातल्या बहुतेकांना काहीच झालं नाही. माझ्या मामाने स्टॅव्ह्युडिन ही एचआयव्हीची गोळी खाल्लीय, गाल बसले, तळपाय असे बधिर की चप्पल निसटली तरी कळायचं नाही. गोळ्या म्हणजे काय चणे-फुटाणे?

खडूस_काकू: स्टॅव्ह्युडिन कुठल्या जमान्यातलं काढलंत! आता डोल्युटेग्राविरवाली एकच गोळी, दिवसातून एकदा. आणि जोडीदाराचं काय? गोळ्यांनी व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) दबलेला राहिला तर संबंधातून लागण होत नाही, मित्र दोन वर्षं थांबणार तोवर तिने काय करायचं?

निवांत: एकच गोळी म्हणे. वजन वाढतं, झोप उडते, ते कोण निस्तरणार?

रात्रपाळी: तुमचं चालू द्या, पण या "आकड्याची अट नाही" मुळे काही ठिकाणी सीडीफोर करायचंच सोडून दिलंय त्याचं काय?? माझ्या बहिणीला निदान झालं त्याच दिवशी गोळ्या हातात, सीडीफोर नाही काही नाही. थोड्याच दिवसांत डोकं धरून बसली, उजेड सहन होईना, उलट्या. मग तपासलं तर सीडीफोर ४०!! क्रिप्टोकॉकल म्हणजे बुरशीचा मेंदुज्वर. १०० च्या खाली असेल तर रक्तात त्या बुरशीचं अँटिजेन (तिचा अंश) आधी बघतात, मेंदुज्वर निघाला तर एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या, ४ ते ६ आठवडे मागे ठेवतात. इतर संसर्ग टाळायला देतात त्या कोट्रायमोक्साझोलचंही कोणी नाव काढलं नाही.

खडूस_काकू: बघू नका असं मी म्हटलंच नाही, सुरू करायला अट नको म्हटलं. पण हो, हे आधीच लिहायला हवं होतं. बहीण कशी आहे आता?

रात्रपाळी: बरी आहे. एका कानाने कमी ऐकू येतं.

निवांत: म्हणजे आकडा लागतोच, मी तेच म्हणत होतो!

रात्रपाळी: तुम्ही बरोब्बर उलटं म्हणत होतात. आकडा बघायचा तो फार खाली गेलाय का हे कळायला, वर आहे म्हणून पाय पसरून झोपायला नाही. आणि तो साध्या तापातसुद्धा खाली येतो, सकाळचा वेगळा संध्याकाळचा वेगळा, त्या एका ६५० वर कसला जीव टाकताय.

निवांत: बरं, जिंकलात. सांगतो त्याला घे म्हणून. वजन वाढलं की तुमच्याकडे पाठवतो.

खडूस_काकू: पाठवा. येताना व्हायरल लोडचा रिपोर्टपण आण म्हणावं.