एमएम ५४० चा मागचा फाळका: दुरुस्त करू, नवा घालू, की बाजूला उघडणारा करून घेऊ?

राजेंद्रनगरचा जीपवाला, इंदूर

मंडळी, नमस्कार. गाडी महिंद्रा एमएम ५४०, १९९४ ची, एमपी ०९ पासिंग, कापडी हूड. इंजिन-गिअरबॉक्सची काही तक्रार नाही. फक्त मागच्या फाळक्याने डोकं खाल्लंय.

सिमरोलच्या पुढे आमचं थोडं शेत आहे. लसूण-बटाट्याच्या दिवसांत गोण्या भरून चोइथराम मंडी गाठायची, एरवी पाइप, खत, मोटर असलं काहीबाही, आणि अधूनमधून आई-बाबांना शेतावर न्यायचं. या सगळ्यात फाळका खाली पडणारा आहे हे मला फार सोयीचं पडतं. साखळ्यांवर आडवा झाला की गोणी आधी त्याच्या कडेला टेकवायची, श्वास घ्यायचा, मग आत लोटायची. मोटरचं इंपेलर मी त्याच्यावरच खोलतो. बाबा त्याच्यावर बसून पोहे खातात, आणि गाडी माझी आहे की त्यांची हे तिथे बसल्यावर ठरतं.

गडबड अशी की आधीच्या मालकाने स्टेपनी या फाळक्यावरच टांगून ठेवली आहे. १५ इंची लोखंडी रिम, वर २३५/७५ चा टायर, म्हणजे तीस किलोच्या आसपास वजन. पाडताना एका हाताने साखळी आणि दुसऱ्या हाताने स्टेपनी सांभाळावी लागते. खंडवा रोडवर भेरूघाट उतरताना मागून जो खडखडाट होतो, त्यात शेजारच्या सीटवरच्याशी बोलणं होत नाही.

आता फाळक्याची हालत. स्टेपनीच्या ब्रॅकेटच्या वरच्या दोन बोल्टांपासून चिरा निघाल्या आहेत, एक तर वितीएवढी. खालच्या कडेचा दुमडलेला पत्रा आतून गंजलाय, स्क्रू ड्रायव्हर टोचला की भुगा पडतो. बंद केल्यावर डावीकडे बोट जाईल एवढी फट, उजवीकडे पोस्टकार्ड सरकत नाही. एका गॅरेजवाल्याने आर्क वेल्डिंगने चिरा भरून दिल्या होत्या. पत्र्याला भोकं पडली, भोकांवर पुट्टी, पुट्टीवर रंग. पहिल्या पावसात सगळं फुगून वर आलं.

दुसरा डेंटर म्हणतो, "भैया, साइड ओपनिंग करा लो, थार जैसा दिखेगा." दिसण्याचं मला काही नाही. पण सगळेच तसं सांगून राहिले आहेत, म्हणून विचारतो. हाच फाळका वाचवता येईल? नवा घ्यायचा तर तयार मिळतो का? की खरंच बिजागऱ्या बाजूला नेऊन दरवाजासारखा करावा?

महूचे काका

राम राम. आयुष्य वर्कशॉपमध्ये गेलं, म्हणून जरा लांबण लावतो.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी या लष्करी जीपला मागे उघडणारा फाळका नव्हताच. मागे बंद पत्रा, त्याच्यावर स्टेपनी आणि जेरीकॅन. १९४५ साली विलीजनेच शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए जीप काढली तेव्हा मागे फाळका दिला, आणि त्याच वेळी स्टेपनी तिथून उचलून उजव्या अंगाला नेली. ज्यांनी डिझाइन केलं त्यांनी पडणाऱ्या फाळक्यावर चाक ठेवलं नाही. नंतर लोकांनी हौसेने टांगलं. तुमच्या चिरा पत्र्याच्या नाहीत, त्या हौसेच्या आहेत.

जुना वाचेल का? मधला भाग वाचेल. खालची दुमड कापून नवी घाला. ती पुन्हा दुमडताना पाणी निघायला दोन-तीन भोकं ठेवायला सांगा, डेंटर ती हमखास बुजवतो. चिरेच्या टोकाला आधी ३ मिमीचं भोक पाडायचं, नाहीतर वेल्डिंगनंतरही ती पुढे पळते. मग सीओटू वेल्डिंगने (गॅसच्या आवरणात तारेने होतं ते), तुकड्या-तुकड्याने, थंड होऊ देत. आर्कचा रॉड या पत्र्याला लावूच देऊ नका. आतून पट्टी मारायची तर तिचे कोपरे गोल कापा. चौकोनी पट्टी मारली की पुढची चीर बरोबर तिच्या कोपऱ्यातून निघते. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची अर्थ काढा आणि हूड उतरवून दूर ठेवा, ठिणगी कापडावर गेली की नवा खर्च.

तेवढी मजुरी आणि नवा फाळका यात फारसा फरक उरत नसेल, तर नवाच करा. १६ गेज घ्या, म्हणजे साधारण १.६ मिमी. १८ गेज हलका पडतो, पण तुमच्या गोण्यांनी मधे पोट धरेल. १४ गेजचा रोज उचलून बघा, मग कळेल.

तयार फाळके मंडी डबवालीकडून येतात, हरियाणात, जुन्या जीपांची बॉडी बनवण्याचं मोठं काम तिकडे चालतं. पण सीजे जीपचा आणि तुमच्या एमएमचा फाळका एकच समजून मागवू नका. मागच्या तोंडाची रुंदी वर आणि खाली वेगवेगळी मोजा, आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत फरक निघाला तर फाळका सरळ आणि बॉडी वाकडी आहे असं समजा. तुमची ती बोटभर फट त्याचीच असेल. बॉडी आधी ओढून घ्या, फाळका नंतर.

तिलकनगर फोर बाय फोर

काकांशी निम्मी सहमत. माझी पण एमएम ५४० च आहे, आणि मी बाजूला उघडणारा करून घेतला. कारण आमच्याकडे गोण्या नाहीत, सासूबाई आहेत. पाडलेल्या फाळक्यावरून वाकून आत हात घालणं त्यांना जमत नाही आणि त्यावरून चढणं तर नाहीच. दरवाजासारखा उघडला की पायरीवर पाय ठेवून सरळ आत.

पण "बिजागऱ्या बाजूला नेल्या" एवढ्यावर हे काम होत नाही. हिशोब बघा. फाळका पंधरा किलो, स्टेपनी तीस, एकूण पंचेचाळीस. वजनाचा मध्य बिजागरीपासून अर्धा मीटर लांब. जीपचा फाळका बुटका, त्यामुळे दोन बिजागऱ्यांत जेमतेम ३० सेंटीमीटर अंतर मिळतं. ४५ गुणिले ५० भागिले ३०, म्हणजे वरची बिजागरी ७५ किलोने बाहेर ओढली जाते, खालची तेवढ्यानेच आत दाबली जाते. हे गाडी उभी असताना. खड्ड्यात दुप्पट-तिप्पट धरा. आणि हे सगळं जिथे येतं तो मागचा कोपरा म्हणजे नुसता दुमडलेला पत्रा.

म्हणून आधी कोपऱ्यात आतून ४० बाय ४० चा, ३ मिमी जाडीचा चौकोनी पाइप उभा केला, खाली फरशीच्या चॅनेलला आणि वर चाकाच्या कमानीला बांधला. बिजागऱ्या त्याला लावल्या. लावताना दोन्हीतून एकच लांब सळई घालून मग टाके मारायचे, नाहीतर दोघींच्या रेषा जुळत नाहीत आणि दरवाजा अर्ध्यात अडतो. बिजागऱ्या उजवीकडे घेतल्या, म्हणजे उघडल्यावर मोकळी बाजू फुटपाथकडे येते. आणि उघडा धरून ठेवणारी दांडी लावाच, उतारावर तो स्वतःहून परत येतो आणि नडगीवर बसतो.

जीप रँग्लरलाही १९८७ पासून बाजूला उघडणारा फाळका आणि त्यावर स्टेपनी आहे. लोक मोठे टायर टांगतात आणि तिकडेही बिजागऱ्या लोंबतात, जाड बिजागऱ्यांचे वेगळे संच विकले जातात. तेव्हा थारसारखं दिसेल म्हणणाऱ्या डेंटरला विचारा, कोपऱ्यात पाइप कुठला घालणार. तो गप्प बसला तर तुम्ही पण निघा.

पुणे ३०

फायबरचा करून टाका की. हलका, गंजत नाही, विषय संपला.

महूचे काका

विषय गोणीपाशी सुरू होतो. फायबरमध्ये साखळीचा हूक जिथे अडकतो तिथे आतून लोखंडी पट्टी गाडावी लागते, बिजागरीच्या जागीही तेच. ते नीट केलेलं मी क्वचितच पाहिलंय. शोच्या गाडीला बरा.

आरटीओच्या चकरा

एक कागदपत्रांचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये 'बदल' म्हणजे रचनेतला असा फरक, ज्याने गाडीचं मूळ स्वरूप बदलतं. मूळ नमुन्याचाच फाळका घातला तर ती दुरुस्ती. बाजूला उघडणारा, वर मोठा बंपर, वर कॅरिअर असं साचत गेलं की फिटनेसच्या वेळी इन्स्पेक्टर काय म्हणेल ते त्याच्यावर. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मूळ स्पेसिफिकेशनपासून हटणाऱ्या बदलांना चाप लावला आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम १८२ए प्रमाणे मालकाला एका बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमची १९९४ ची गाडी, म्हणजे दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करायला आरटीओत हजेरी आहेच. पंधरा मिनिटांत नटबोल्ट सोडून काढता येईल असं काही लावा, वेल्ड करून कायमचं काही नको. आणि स्टेपनी कुठेही गेली तरी नंबर प्लेट आणि तिचा दिवा झाकला जाता कामा नये. मूळ फाळक्यावर प्लेट असेल तर तो पाडून गाडी चालवू नका, प्लेट जमिनीकडे तोंड करते.

राजेंद्रनगरचा जीपवाला, इंदूर

काका, ताई, मनापासून आभार. काल टेप घेऊन बसलो. कर्णांत सव्वा सेंटीमीटरचा फरक निघाला, म्हणजे बॉडीच उजवीकडे झुकली आहे. फाळक्याला उगाच शिव्या देत होतो.

ताईंचा हिशोब डेंटरला वाचून दाखवला. तो म्हणाला, "इतना कौन सोचता है." दुसरा डेंटर शोधून राहिलोय.

माझं ठरलं असं: बॉडी ओढून घ्यायची, १६ गेजचा नवा फाळका, खाली पडणाराच, त्यावर काही टांगायचं नाही. साखळ्यांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवायचे, खडखड त्यानेच निम्मी जाईल. राहिली स्टेपनी. उजव्या अंगाला लावली तर गाडी वीतभर रुंद होते, आणि राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत आधीच लोक माझ्याकडे बघून रिक्षा थांबवतात. आत ठेवली तर गोण्यांची जागा गेली. म्हणून मागच्या बंपरवर बाजूला फिरणारा हात करावा म्हणतो, नटबोल्टवाला. आधी हात बाजूला करायचा, मग फाळका पाडायचा. त्या हाताचा खटका फाळक्यावर घेऊ की बंपरवर? आणि हूडचा मागचा पडदा आता फाळक्याच्या आतून येतो, त्यातून धूळ फार येते. नव्याला कसा घ्यावा?

महूचे काका

खटका बंपरवरच. बंपर चेसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, धरलेला आहे आणि बॉडी रबरांवर बसलेली आहे. खराब रस्त्यावर दोन्ही वेगवेगळ्या हलतात. एक टोक चेसीला आणि दुसरं बॉडीला बांधलंत तर जे कमजोर असेल ते तुटेल, आणि ते तुमचा नवा फाळकाच असेल. हाताच्या बुडाशी नुसती पिन नको, ट्रॉलीच्या चाकाचा लहान हब (चाक ज्यावर फिरतं तो मधला भाग) घ्या, दोन टेपर बेअरिंगवाला, वर ग्रीस निप्पल. नुसत्या पिनवर तो वर्षभरात खाली लोंबतो आणि मग तुम्ही दर वेळी गुडघ्याने उचलून खटका लावता. हाताखाली बंद अवस्थेत एक टेकू ठेवा, म्हणजे चालत्या गाडीत वजन हबवर न येता टेकूवर येईल.

पडदा नेहमी बाहेरून. फाळक्याच्या वरच्या कडेवरून चार बोटं खाली उतरला पाहिजे, म्हणजे पाणी बाहेर ओघळतं. आतून घेतला की पाणी आणि धूळ दोन्ही त्या फटीतून आत. पट्ट्यांचे हूक फाळक्यावर लावू नका, बाजूच्या पत्र्यावर लावा, नाहीतर फाळका पाडायच्या आधी दर वेळी सगळे पट्टे सोडावे लागतील. खालच्या कडेत शिंप्याकडून एक चपटी पट्टी शिवून घ्या, वाऱ्यात फडफडत नाही.

आणि फाळका डेंटरकडे असेल त्या दिवसांत हूड चढवून, मागे उघडं ठेवून गाडी हायवेला काढू नका. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो, सायलेन्सरचा धूर तिथूनच आत ओढला जातो. आई-बाबा मागे बसले असतील तर अजिबात नाही. काढायचीच असेल तर हूड पूर्ण उतरवा.

राजेंद्रनगरचा जीपवाला, इंदूर

हे माहीत नव्हतं, काका. धुराने बाबांचं डोकं दुखायचं ते पडद्याच्या फटीमुळेच असणार. लोहामंडीत पत्रा बघायला जातोय. हब कुठे बघू, सियागंज की छोटी ग्वालटोली?

महूचे काका

नवा हवा तर ग्वालटोली. जुना चालत असेल तर महूला या, माझ्याकडे एक पडलेला आहे. बेअरिंगं तेवढी नवी घाला.